गाडीतच बसवलेला जॅक: १९१० सालच्या गाडीला हलका कसा करायचा? (डोकं खाजवायचा धागा)

आटेवाला | रविवार, रात्री १०.१५

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

झालं असं की मागच्या महिन्यात एका ओळखीच्यांच्या शेडमध्ये जुन्या गाड्या बघायला गेलो होतो. तिथं एक एमजी वाय टाइप उभी होती, १९४७ ते ५३ च्या दरम्यान निघालेली १२५० सीसीची इंग्लिश सलून, दिसायला अगदी नीटस. मालकांनी बॉनेट उघडलं, आतल्या एका छोट्या पंपाला दांडा लावला आणि लागले हलवायला, आणि मी बघतोय तर गाडी जागच्या जागी वर! चाकं अधांतरी. खाली वाकणं नाही, जॅकची जागा शोधत चिखलात हात घालणं नाही. पुढची बाजू, मागची बाजू की चारही, ते निवडायला वेगळा खटका. जॅकॉल म्हणतात या सिस्टीमला, १९३० नंतरच्या बऱ्याच इंग्लिश गाड्यांना होती. रोल्स रॉईसच्या फँटम थ्रीला पण गाडीतच बसवलेले जॅक होते म्हणे, पण ती व्ही-१२ वाली राजेलोकांची गाडी, तिला काय पाच-पन्नास किलोचं.

मी तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, आता रिटायर, त्यामुळे रात्री झोपेत पण आटेच दिसतात. तेव्हापासून एकच भुंगा लागलाय. हे १९४७ ला ठीक आहे, पण याची खरी गरज होती ती १९१० ला, जेव्हा दर दोन दिवसांनी पंक्चर व्हायचं. आणि तेव्हाच्या गाड्या किती हलक्या! फोर्ड मॉडेल टी घ्या, १९०८ ला आली, साधारण ५४० किलो वजन आणि २० हॉर्सपॉवर. तिच्यावर २५ किलोचे जॅक लादायचे म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

तर कोडं असं: गाडी ९०० किलोची धरा, मॉडेल टी पेक्षा जरा मोठी. लाकडी आऱ्यांची चाकं, पुढे मागे कमान पाटे (स्प्रिंगचं काम करणाऱ्या वाकड्या पोलादी पट्ट्या), मागची चाकं इंजिनवर फिरणारी. मागच्या एका चाकावर माणसं-सामानासकट ३०० किलो. गाडीला कायम बसवलेला जॅक हवा, सगळं मिळून १२ किलोच्या आत, आणि माल फक्त त्या काळात मिळणारा. कसा कराल?

नाना गॅरेजवाले | रविवार, रात्री १०.५२

आटेवाले काका नमस्कार. मी कराडचा, वडिलांपासून गॅरेज आहे. कोडं झकास आहे पण आधी एक सांगा, त्या काळात चाक निघायचं का? कारण आपण आज जॅक म्हणतो ते चाक काढून स्टेपनी लावायला, दहा मिनिटांचं काम. चाकच निघत नसेल तर जॅकचं कामच वेगळं होतं.

आटेवाला | रविवार, रात्री ११.०५

नाना, बरोब्बर पकडलंत. बहुतेक गाड्यांचं चाक रस्त्यावर काढायची सोय नव्हती. चाक गाडीवरच ठेवायचं, टायर पट्ट्यांनी रिमवरून उचकटायचा, ट्यूब बाहेर ओढायची, पंक्चर काढायचं, परत कोंबायची आणि हातपंपाने ६० पौंड हवा मारायची. उन्हात. कोट घालून. अर्धा पाऊण तास तरी गाडी जॅकवर, आणि तुम्ही तिला गदागदा हलवताय.

समुद्रपक्षी | सोमवार, पहाटे २.३०

स्टेपनीचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही, मी सध्या वेल्समध्ये आहे, इथून अर्ध्या तासावर लानेल्ली गाव आहे (इथले लोक हे नाव जीभ टाळूला लावून बाजूने हवा सोडत म्हणतात, दोन वर्षं झाली मला जमलेलं नाही). तिथं स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे आणि आपली स्टेपनी तिथली! १९०४ मध्ये वॉल्टर आणि टॉम डेव्हिस या भावांनी तिथं स्टेपनी स्पेअर व्हील काढलं. पण ते म्हणजे आजच्यासारखं अख्खं चाक नव्हतं. नुसती रिम आणि तिच्यावर हवा भरलेला टायर, आरे नाहीत, मधला तुंबा नाही. पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला ही रिम शिकंज्यांनी आवळायची आणि निघायचं, म्हणजे चाक न काढता चाकाला चाक जोडायचं. इंग्लंडमध्ये आज हा शब्द कुणाला कळत नाही, मी इथल्या मेकॅनिकला स्टेपनी म्हटलं तर तो बघतच राहिला, आणि आपल्याकडे रिक्षावाल्यापासून सगळे म्हणतात. ब्राझीलमध्ये पण स्पेअर चाकाला एस्टेपे म्हणतात, तो याच कुळातला.

नाना गॅरेजवाले | सोमवार, सकाळी ७.४०

आयला! चाळीस वर्षं रोज हा शब्द तोंडात आहे, आज कळलं गावाच्या रस्त्याचं नाव आहे ते. पोरांना सांगतो आज.

फुकटचा सल्ला | सोमवार, सकाळी ९.१०

सोप्पंय. १९१० ला ज्याच्याकडे गाडी होती त्याच्याकडे चार नोकर पण होते. नोकर म्हणजेच बिल्ट-इन जॅक. वजन मात्र १२ किलोत बसणार नाही.

चिखलपाय | सोमवार, सकाळी ११.२५

हसू नका पण बैलगाडीला हे आधीपासून आहे. गाडी सोडली की पुढं जू खाली पडू नये म्हणून जे टेकण लावतात, आमच्याकडं त्याला शिपाई म्हणतात, ते गाडीलाच अडकवलेलं असतं. चालताना वर, थांबली की खाली. एक लाकडी दांडकं, ना आटे ना तेल. आणि तुमच्या स्कूटरचा मेन स्टँड काय वेगळा आहे? पायानं दाबा, मागं ओढा, मागचं चाक वर. तोच बिल्ट-इन जॅक की. असे दोन स्टँड मोटारीच्या मागच्या आसाला लावा, खाली सोडा, गाडी जरा मागं घ्या, आपोआप चढली स्टँडवर. वजन दोन-दोन किलो. झालं काकांचं काम.

आटेवाला | सोमवार, दुपारी १.००

चिखलपाय, तुमच्या प्रतिसादावर मी जेवण अर्धं सोडून कागद घेतला. मला पण पहिल्यांदा हेच सुचलं होतं आणि अजून मोह सुटत नाही. हिशोब असा: आसाचा खालचा भाग जमिनीपासून ३० सेंटीमीटर धरू, ५ सेंटीमीटर उचलायचं, म्हणजे पाय ३५ चा. खाली टेकला तेव्हा तो उभ्या रेषेपासून साधारण ३१ अंश तिरपा असणार आणि गाडी १८ सेंटीमीटर सरकली की सरळ उभा. उभ्याच्या किंचित पुढे गेला की खटक्यावर बसला, मग हलत नाही. मस्तच आहे हो. इंजिनच गाडी उचलणार, हाताला कामच नाही.

मास्तर मेकॅनिकल | सोमवार, सायंकाळी ६.४५

आटेवाले, थांबा थांबा. मी पॉलिटेक्निकला शिकवतो, वर्गात असं कुणी केलं तर मी त्याला फळ्यापाशी बोलावतो, म्हणून रागवू नका.

३१ अंशाला ३०० किलो उचलायला आडवा जोर किती? ३०० गुणिले टॅन ३१, म्हणजे १८० किलो. दोन पायांना मिळून ३६०. हा जोर कोण देणार, मागची चाकं. आणि त्याच क्षणी तुम्ही काय करताय, तर मागच्या चाकांवरचं वजन काढून पायांवर घेताय! चाक जितकं हलकं होईल तितकी त्याची पकड सुटणार. अर्ध्यात चाकं जागच्या जागी भिरभिरणार आणि गाडी ना वर ना खाली.

बरं, म्हणाल एका वेळी एकच बाजू उचलू, दुसरं चाक ढकलेल. तर डिफरन्शियल, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटून देणारी गिअरची जोडणी, आडवं येतं. एक चाक हलकं झालं की ते मोकळं फिरतं आणि जमिनीवरच्या चाकाला पण तेवढाच, म्हणजे नगण्य, जोर मिळतो. चिखलात एक चाक फसल्यावर जे होतं तेच.

पुढच्या आसाला मात्र चिखलपाय यांची आयडिया चालेल, कारण ढकलणारी चाकं मागं जमिनीवर घट्ट आहेत. स्कूटरला चालतं कारण तिथं ओढणारे तुम्ही बाहेर उभे असता.

चिखलपाय | सोमवार, सायंकाळी ७.०२

मान्य मास्तर. म्हणजे पुढं स्टँड, मागं दुसरं काहीतरी. निम्मं तरी माझं ठेवा.

मास्तर मेकॅनिकल | सोमवार, सायंकाळी ७.३०

आणि अजून एक, हे हिशोबापेक्षा महत्त्वाचं. त्या काळातल्या काही गाड्यांचा हँडब्रेक चाकावर नसून मधल्या शाफ्टवर असायचा. मागचं एक चाक उचललं की तो ब्रेक डिफरन्शियलमधून निसटतो, उचललेलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं. हँडब्रेक ओढलेला असून गाडी जॅकवरून चालायला लागते. तुमचा जॅक कितीही हलका करा, पाय जर आसाला बिजागरीवर असेल तर तो त्याच दिशेने दुमडणार.

नाना गॅरेजवाले | सोमवार, रात्री ८.१५

मास्तरांना कोपरापासून दंडवत. आमच्या वडिलांचा नियम होता, आधी समोरच्या चाकाला दगड, मग जॅकला हात. दोन्ही बाजूनं दगड. आमच्याकडे एक पोरगं होतं हुशार, घाईत दगड लावला नाही, जीप उतारावर होती, बाटली जॅक तिरका होऊन उडाला तो पत्र्याच्या दाराला खळगा पाडून गेला. पोरगं वाचलं. दार मी अजून बदललेलं नाही, नवीन पोरगं आलं की दाखवतो.

काकांनो माझा प्रश्न वेगळा आहे. जॅक टेकवणार कुठं, आसाला की चॅसिसला? हे आधी ठरवा, बाकी नंतर.

आटेवाला | सोमवार, रात्री ९.४०

नाना, इथंच तर गंमत आहे, आणि वजनाचं निम्मं उत्तर इथंच आहे असं मला वाटतं.

आसाला लावला तर उचलायचं थोडंच. टायर बसलेला असेल तर तो फुगल्यावर जमीन सुटावी इतकं, ८-१० सेंटीमीटर पुरे. स्क्रू आखूड, पाय आखूड, म्हणून हलका. पण हे वजन पाट्यांच्या खाली आलं. प्रत्येक खड्ड्यात आस वर खाली होणार आणि जॅक त्याच्याबरोबर हाणामारी खात जाणार, शिवाय चिखल, शेण, खडी सगळं पहिलं त्याच्या अंगावर.

चॅसिसला लावला तर पाट्यांच्या वर सुखात बसला, स्वच्छ पण राहील, पण उचलायला गेलात की आधी पाटे सैल होत जाणार, चाक आहे तिथंच, चॅसिस वर वर. त्यातच ८-१० सेंटीमीटर गेले, मग चाक सुटायला सुरुवात. म्हणजे दुप्पट उंचीचा स्क्रू, दुप्पट लांब पाय, आणि लांब पाय वाकतो म्हणून जाड पाय. बघता बघता जॅक दुप्पट जड.

म्हणून मी आसावर ठाम आहे. त्या काळच्या गाड्या जमिनीपासून चांगल्या उंच होत्या, आसाखाली दुमडून ठेवायला जागा मिळते.

आता पाय कसा. भरीव २० मिलिमीटरचा लोखंडी दांडा मीटरला साधारण अडीच किलो. त्याऐवजी ३२ मिलिमीटरची नळी, जाडी २ मिलिमीटर, तर मीटरला दीड किलो. आणि वाकायला विरोध नळीचा पावणेतीनपट जास्त! हलकं आणि ताठ दोन्ही. आणि अशी नळी तेव्हा मिळायची का, तर हो, सायकलीमुळे. मॅनेसमन बंधूंनी बिनसांध्याची पोलादी नळी १८८५ च्या सुमारास काढली आणि सायकलवाल्यांनी तिचं सोनं केलं. म्हणजे १९१० च्या कारागिराकडे नळी पण होती आणि ती पितळेनं झाळून जोडायची कला पण.

त्या नळीत आत स्क्रू, ५ मिलिमीटर पिचचे (म्हणजे एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकणारे) चौकोनी आटे. हँडल २० सेंटीमीटर. एका फेऱ्यात हात सव्वा मीटर फिरतो तेव्हा गाडी ५ मिलिमीटर वर, म्हणजे कागदावर अडीचशे पट फायदा. घर्षणात पाऊण भाग गेला असं धरलं तरी साठ पट उरतो, ३०० किलोला हातावर ५ किलो. दहा वर्षांचं पोर फिरवेल. आणि हे घर्षण शिव्या देण्यासारखं नाही बरं का, त्याच्यामुळेच हात सोडला तरी स्क्रू उलटा फिरत नाही. एवढ्या बारीक पिचला आटे स्वतःच धरून ठेवतात, वेगळा खटका नको, म्हणजे तेवढं वजन वाचलं.

८ सेंटीमीटरला १६ फेरे. चार जॅक, प्रत्येकी सव्वादोन किलो, नऊ किलो. १२ च्या आत बसलं!

समुद्रपक्षी | मंगळवार, पहाटे १.५०

आटेवाले काका, आकडे छान आहेत पण एक बायकी शंका म्हणा हवं तर (मी इंजिनिअर नाही, माझा नवरा पण नाही). मागच्या आसाखाली हँडल २० सेंटीमीटरचं फिरवायला माणूस कुठं बसणार? एमजीवाल्यांचं कौतुक तुम्ही याच्यासाठीच करत होतात ना की खाली वाकायला लागलं नाही. तुमच्या डिझाइनमध्ये तर माणूस चिखलात आडवा.

आटेवाला | मंगळवार, सकाळी ६.२०

😶

फुकटचा सल्ला | मंगळवार, सकाळी ९.००

काका क्लीन बोल्ड. पॉपकॉर्न आणतो.

मास्तर मेकॅनिकल | मंगळवार, दुपारी १२.१०

शंका अजिबात बायकी नाही, शंभर टक्के यांत्रिक आहे. हँडल बाहेर आणायचं म्हणजे लांब दांडा, त्याला वळण द्यायला बेव्हल गिअरची जोडी, नाहीतर सांधा. प्रत्येक जॅकला किलो-दीड किलो वाढलं. नऊचे झाले चौदा पंधरा.

म्हणूनच पुढे लोक तेलाकडे वळले असणार. नळी कुठूनही कुठेही वाकवून नेता येते, दांडा नाही. दाबाचं तत्त्व जुनंच, ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट १७९५ ला घेतलं आणि रिचर्ड डजन नावाच्या माणसाने न्यू यॉर्कमध्ये हातात धरता येईल असा हायड्रॉलिक जॅक १८५१ ला पेटंट केला. म्हणजे १९१० ला नवीन काही नव्हतं.

पण फुकट काही मिळत नाही. समजा प्रत्येक जॅकचा पिस्टन ३० मिलिमीटरचा, ३०० किलोला तेलाचा दाब येतो चौरस सेंटीमीटरला ४२ किलो. पंपाचा पिस्टन १० मिलिमीटरचा आणि दांड्याची तरफ दहापट, तर हाताला लागतात फक्त सव्वातीन किलोच्या आसपास. खूश होऊ नका, आता तेल मोजा. दोन जॅक १५ सेंटीमीटर वर न्यायचे तर २१२ घन सेंटीमीटर तेल ढकलायचं, आणि पंपाच्या एका २० मिलिमीटरच्या झटक्यात जातं दीड. म्हणजे एकशे पस्तीस झटके! पंप १५ मिलिमीटरचा केला तर साठ झटके, पण हाताला साडेसात किलो. निवडा.

नाना गॅरेजवाले | मंगळवार, दुपारी ३.३०

मास्तर, साठ झटके परवडले. पण १९१० ला सील कशाचं? आज रबरी ओरिंग पाच रुपयाला मिळते तरी ऑइल जॅक वर्षात बसतो, सकाळी गाडी वर, दुपारी जेवून आलं की खाली. म्हणून तर घोडी (गाडीखाली ठेवायचा लोखंडी टेकू) लावल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही.

आटेवाला | मंगळवार, सायंकाळी ५.१५

सील चामड्याचं. सायकलच्या पंपात असतो ना वाटीसारखा चामड्याचा वायसर, तोच. दाब वाढला की वाटीच्या कडा फाकून भिंतीला घट्ट चिकटतात, जितका दाब तितकं घट्ट, फार हुशार गोष्ट आहे ती. ब्रामाच्या प्रेसमध्ये पण चामडंच होतं. अडचण एकच, चामडं वापरात राहिलं पाहिजे. महिनाभर कोरडं पडलं की आक्रसलं, मग सायकलचा पंप जसा फुसफुसतो तसं. आणि आपला जॅक तर सहा सहा महिने दुमडूनच असणार, तो पण मागच्या चाकाच्या धुळीत.

म्हणून मी अजून स्क्रूलाच धरून आहे. समुद्रपक्षी यांनी पकडलेली चूक कबूल, पण तेलाकडे नाही जाणार.

पुलाखालचा | मंगळवार, रात्री १०.२०

वाचनमात्र होतो, पण एक मुद्दा कुणी घेतला नाही. तुम्ही सगळे जॅक हलका करताय, मुळात पंक्चर का व्हायची ते बघा. तेव्हाच्या रस्त्यावर सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे घोड्याच्या नालेचे खिळे. गाड्या येत गेल्या, घोडे कमी होत गेले, खिळे कमी झाले, डांबरी रस्ते झाले, टायर सुधारले. मिशेलिनने रेडियल टायरचं पेटंट घेतलं १९४६ ला. म्हणजे काकांनी पाहिलेली एमजी निघाली तेव्हा तिच्या जॅकची गरज संपतच आली होती. वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टीसाठी रोज वीस-पंचवीस किलो कोण वाहील? सुटा जॅक डिकीत टाकला की झालं. मिशेलिन बंधूंनी १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस रेसमध्ये हवेच्या टायरची गाडी उतरवली तेव्हा ट्यूबा बदलता बदलता नाकी नऊ आले होते, तेव्हा कुणी असा जॅक दिला असता तर पाय धरले असते त्यांनी.

चिखलपाय | मंगळवार, रात्री १०.४५

+१. खिळ्याचं आमच्याकडं अजून आहे. बैलाला पत्री मारतात तिचा खिळा निघाला की आमच्या बांधावरच्या रस्त्याला मोटरसायकल गेलीच समजा.

समुद्रपक्षी | बुधवार, पहाटे ३.०५

पण कल्पना मेली नाही हं. रेसच्या गाड्यांना असतात ना, पिटमध्ये आली की एक जण हवेची नळी खुपसतो आणि गाडी टुणकन चार पायांवर उभी. आणि सिट्रोएन डीएस, १९५५ ची! तिला तर जॅकच नको, सस्पेन्शनच तेल-गॅसवर, गाडी स्वतःला वर उचलते, मग बाजूला एक टेकण लावायचं आणि गाडीला खाली जा म्हणायचं, ती खाली जायच्या ऐवजी चाकं वर घेते. बगळ्यासारखी. एका म्हाताऱ्या फ्रेंच शेजाऱ्याने करून दाखवलं होतं, मी टाळ्या वाजवल्या.

मास्तर मेकॅनिकल | बुधवार, सकाळी १०.३०

सिट्रोएनचं उदाहरण सुंदर आहे, कारण तिथं उचलणारी शक्ती आधीच गाडीत होती, वेगळं वजन नाही. आपल्या १९१० च्या गाडीत अशी फुकट शक्ती कुठली, तर इंजिन, आणि ते आपण वर मोडीत काढलं.

अमेरिकेत ब्रुक्स वॉकर म्हणून एकाने तर डिकीत पाचवं चाक आडवं बसवलं होतं, ते खाली सोडलं की गाडीचा मागचा भाग उचलला जाऊन बाजूला सरकतो, पार्किंगसाठी. १९५० च्या दशकात त्याने ती गाडी दाखवली पण. डिकी संपली त्यात, आणि कुणी बनवायला घेतली नाही.

नाना गॅरेजवाले | बुधवार, दुपारी १.४५

माझं ऐका. चार जॅक कशाला? चारही टायर एकदम पंक्चर होत नाहीत. एकच नळीचा स्क्रू जॅक करा काकांनी सांगितला तसा, आणि गाडीला चार ठिकाणी त्याचा वरचा तुकडा अडकवायची खोबण ठेवा. जॅक पायरीखाली कड्यात अडकवलेला. जुन्या फियाटला नव्हतं का, दाराच्या खाली चौकोनी भोक, त्यात जॅकचा दांडा घालायचा आणि उभ्यानं हँडल फिरवायचं, वाकणं पण नाही. बीटलला पण तसंच. तीन किलोत जॅक, खोबणी चार मिळून दोन किलो. पाच किलो! बारा दिलेत तुम्ही.

आटेवाला | बुधवार, रात्री ८.००

नाना, पण तो गाडीतच बसवलेला झाला का? सुटाच झाला की.

नाना गॅरेजवाले | बुधवार, रात्री ८.०४

अर्धा बसवलेला.

आटेवाला | बुधवार, रात्री ९.३०

हट्ट म्हणा, पण "अर्धा" मला चालत नाही. तरी तुमच्या बोलण्यातून एक घेतलं. मागच्या आसाला दोनच जॅक, कारण वजन पण तिथं आणि ओढ पण तिथं, म्हणून टायर जास्त तिथलेच जातात. पुढच्या आसाला चिखलपाय यांचा दुमडता पाय, दोन्ही बाजूला, नळीचाच, तिथं इंजिन ढकलेल. मागच्या दोन स्क्रूंना मिळून एकच हँडल, ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवायचं. स्क्रूचं डोकं तिरकं, बाहेरच्या बाजूला तोंड करून, म्हणजे चाकाच्या मागून गुडघ्यावर बसून फिरवता येईल. आडवं झोपायचं नाही, गुडघा टेकायचा. समुद्रपक्षी, एवढं चालेल का?

पाय ७० अंशात उभा राहील, ९० नाही, तेवढा तिरका जोर येतो तो झेलायला आसापासून एक बारीक ताण पट्टी. मागचे दोन पावणेतीन किलोचे, पुढचे दोन दीड दीड, हँडल अर्धा किलो. नऊ किलो.

समुद्रपक्षी | गुरुवार, पहाटे १.१५

गुडघा चालेल. साडी असेल तर विचार करेन.

मास्तर मेकॅनिकल | गुरुवार, सकाळी ११.००

ताण पट्टी ठीक आहे. २० अंशाच्या तिरकेपणाला ३०० किलोवर आडवा जोर ११० च्या आसपास येतो, पट्टी आणि तिची पिन त्याच्या चौपट तरी धरा, कारण टायर पट्ट्यांनी उचकटताना झटके बसणार.

आता खालचा तळवा. तो किती मोठा ठेवलाय?

आटेवाला | गुरुवार, दुपारी १२.२०

१० बाय १० सेंटीमीटर. बिजागरीवर, जमीन वाकडी असली तरी बसेल.

मास्तर मेकॅनिकल | गुरुवार, दुपारी १२.४०

म्हणजे चौरस सेंटीमीटरला ३ किलो. कोरड्या मुरमाला चालेल. पावसाळ्यातल्या मातीला एक किलो पण जड जातो.

आटेवाला | रविवार, दुपारी ४.१०

मंडळी, तीन दिवस गायब होतो कारण करून बघितला. मागचा एक पाय, नळी भंगारातून, स्क्रू जुन्या शिकंजाचा, त्यामुळे पिच ५ नाही ६ चं निघालं. भाच्याची जुनी ट्रॉली घेतली, वर सिमेंटची सहा पोती रचली, एका बाजूला जॅक. वजन पावणेतीनच्या ऐवजी साडेतीन भरलं, झाळताना हात जरा सैल सुटला. हाताला जोर म्हणाल तर अगदी सहज फिरतो, तेरा फेऱ्यांत चाक सुटलं. सिमेंटच्या कोब्यावर दगडासारखा उभा, भाच्याला टायर हलवायला सांगितलं, ट्रॉली डुलली पण पाय जागचा हलला नाही.

मग अंगणात नेली. मास्तर, तुम्ही म्हणालात तसंच. आदल्या रात्री पाऊस झालेला, तळवा चार बोटं आत गेला, चाक जमिनीवरच, मी नुसता फेरे मारतोय. हिशोबानं १७ बाय १७ चा तळवा हवा, पण तेवढा मोठा दुमडला की मागच्या चाकाच्या आऱ्यांना लागतो.

चिखलपाय | रविवार, दुपारी ४.३०

काका फळी घाला खाली. बाभळीची, फूटभर.

आटेवाला | रविवार, दुपारी ४.३५

ती ठेवायची कुठं?

नाना गॅरेजवाले | रविवार, सायंकाळी ५.००

सीटखाली, हँडलशेजारी. पुढच्या रविवारी मी येतो तुमच्याकडं, स्क्रू लेथवर परत काढू ५ च्या पिचचा, आमच्याकडचा पोरगा आटे चांगले काढतो. फळी मी आणतो. दगड तुमच्या अंगणात असतीलच.